गळा, डफ आणि मालकी : शाहीर अमर शेख यांच्याविषयी एक धागा

१/
शाहीर अमर शेख यांचा उल्लेख आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकला जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या शाहिरांनी जनजागृती केली, एवढेच ते वाक्य. ते खरे आहे. पण त्यातला तिसरा माणूस त्यात सापडत नाही. हा धागा त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे. मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
माझे म्हणणे आधीच मांडतो. अमर शेख यांना आपण ‘चळवळीचा पहाडी आवाज’ म्हणून गौरवतो आणि तिथेच थांबतो. गायनाबरोबरच काय गायचे, कोणाच्या साथीने गायचे, कोणासमोर आणि कशासाठी गायचे, हे ठरवणारी यंत्रणा त्यांनी उभी केली. आजच्या भाषेत ते गायक आणि निर्माते होते. आणि धाराशिवच्या इतिहासलेखनाने त्यांना शेजारच्या जिल्ह्याचे म्हणून सोडून देणे ही मोठी चूक आहे.

३/
बार्शी सोलापूर जिल्ह्यात येते, हा आक्षेप लगेच येईल. प्रशासकीय नकाशात येते, हे मान्यच. पण १९४८ पूर्वीचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. बार्शी तालुका इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि त्याला लागून उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात. सरहद्द होती, पण बाजार एक होता. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ पर्यंत तडवळे, ढोकी या पट्ट्यातून लातूरपर्यंत पोहोचली. आपल्याकडचा कापूस आणि गळिताचे धान्य बार्शीच्या पेठेत उतरत असे. त्या पेठेच्या आणि गिरण्यांच्या गावातच हा शाहीर घडला.

४/
मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. घर गरिबीचे. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग कामगारांच्या संपात पुढारीपण आणि त्यापायी तुरुंग. तुरुंगातच साम्यवादी विचारांशी ओळख झाली. पुढे काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रसृष्टीच्या आसपास. ‘अमर शेख’ हे नाव मंचावर आणि चळवळीत रुळले, ते कायमचे.

५/
गाण्याचा पहिला संस्कार आईचा. मुनेरबी या त्यांच्या मातोश्री लोकगीते जाणणाऱ्या होत्या. हा तपशील चरित्रात ओळीभरात येतो, पण मला तो कळीचा वाटतो. मराठवाड्यातल्या आणि बालाघाटाच्या पायथ्याच्या गावांत जात्यावरच्या ओव्या कोणा एका जातीधर्माच्या नव्हत्या. मुसलमान घरातली बाईही पहाटे दळताना मराठीतच गात असे. धाराशिवच्या ख्वाजा शमशुद्दीन गाझी यांच्या उरुसाला आणि तुळजापूरच्या यात्रेला जाणारी माणसे वेगवेगळी असतात, असे ज्याला वाटते त्याने हा भाग पायी पाहिलेला नाही.

६/
शाहिरीतही हे नवे नव्हते. उत्तर पेशवाईतला सगनभाऊ हा मुसलमान शाहीर लावणी आणि पोवाड्याच्या इतिहासात होनाजी, रामजोशी, परशराम यांच्या रांगेत बसतो. त्यामुळे ‘मुसलमान असूनही मराठीचा शाहीर’ हा जो कौतुकाचा सूर अमर शेखांविषयी लागतो, त्यातला ‘असूनही’ मला खटकतो. तो परंपरेचे अज्ञान दाखवतो.

७/
आता थोडे दूर जाऊ. त्याचे कारण पुढच्या दोन नोंदींत कळेल.

अमेरिकेत १९५० च्या दशकात ‘सोल’ नावाचा गायनप्रकार आकाराला आला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायली जाणारी भक्तिगीते, त्यांतली आर्त पुकार, एकाने म्हणायचे आणि समूहाने उत्तर द्यायचे ही रचना, हे सारे तसेच ठेवून आशय लौकिक करायचा. १९५४ मध्ये रे चार्ल्स यांनी चर्चमधल्या गीताच्या धाटणीवर प्रेमगीत बसवले, तेव्हा भाविकांपैकी अनेकांना तो भ्रष्टाचार वाटला. सॅम कूक हा धर्मोपदेशकाचा मुलगा. भक्तिगीते गाणाऱ्या चमूतून तो बाहेर पडला, लोकप्रिय झाला आणि नागरी हक्कांच्या लढ्याला पुरून उरणारे गीत मागे ठेवून १९६४ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला.

८/
कूकविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केवळ गाऊन तो थांबला नाही. स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली, स्वतःच्या गीतांचे हक्क स्वतःकडे ठेवले, इतर गायकांच्या मुद्रिका निर्माण केल्या. ज्या व्यवसायात गळा एकाचा आणि मालकी दुसऱ्याची असे, तिथे हे फार मोठे पाऊल होते.

९/
आता मुंबईत या. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, गव्हाणकर आणि अमर शेख यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. तमाशाचा बांधा त्यांनी मोडला नाही. ढोलकी, डफ, तुणतुणे, झीलकरी, सोंगाड्या, बतावणी, सगळे ठेवले. बदलला तो आरंभ. पारंपरिक तमाशा गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने सुरू होतो आणि मग गवळण येते. अण्णाभाऊंनी गणात देवाच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी यांना वंदन आणले आणि गवळण गाळली.

साचा उपासनेचा, आशय माणसाच्या हक्काचा. चर्चमधून रस्त्यावर आलेल्या गाण्याने जे केले, ते गिरणगावच्या चाळींत दहा वर्षे आधी होऊन गेले होते.

१०/
(आचार्य अत्रे यांनी अमर शेख यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले होते, असे सांगतात. बार्शीचा माणूस मोजायला रशिया लागावा, याची मला गंमत वाटत आली आहे. मी अमेरिका आणली, हे ध्यानात आहे. पण मी माणसाची बरोबरी करत नाही, एका प्रक्रियेची करतो आहे.)

११/
या पथकात कोणाचा वाटा कोणता? अण्णाभाऊंकडे लेखणी होती आणि नाट्य होते. गव्हाणकरही रचनाकार. अमर शेखांकडे मैदान काबीज करणारा आवाज होता आणि ते स्वतः कवीही होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक. नियतकालिक चालवण्याचाही खटाटोप त्यांनी केला. तरी वाङ्मयाच्या इतिहासात ‘गायक’ आणि गायनाच्या इतिहासात ‘पक्षाचा प्रचारक’, अशी त्यांची दोन्हीकडून बोळवण झाली.

१२/
कलापथक चालवणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. मुख्य शाहीर पुढे. त्याच्या मागे झील धरणारे दोघे-तिघे. त्याने कडवे टाकले की त्यांनी ध्रुवपद उचलायचे, म्हणजे शाहिराला श्वास मिळतो आणि गर्दीला ते पाठ होते. ढोलकी कुठे थांबवायची, तुणतुणे एकटे कुठे वाजू द्यायचे, बतावणीतल्या विनोदानंतर किती वेळाने करुण कडवे आणायचे, हे सगळे आधी बसवावे लागते. पोलिसांची परवानगी, गावापर्यंतचा प्रवास, वादकांचे जेवण, बिदागी हे वेगळेच. ध्वनिमुद्रण केंद्रात काचेआड बसून निर्माता जे ठरवतो, ते हा माणूस उघड्या मैदानावर, गर्दीचा रागरंग पाहून, त्याच क्षणी ठरवत होता आणि शिवाय गातही होता.

१३/
स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने ‘लाल बावटा’च्या प्रयोगांवर बंदी आणली. तमाशा या नावाखाली बंदी आली, तेव्हा तोच ऐवज ‘लोकनाट्य’ या नावाने उभा राहिला. हे नाव आज आपण इतक्या प्रतिष्ठेने वापरतो की ते बंदी चुकवण्यासाठी पुढे आले, याचा विसर पडतो. पुढे अमर शेखांनी स्वतःचे कलापथक बांधले. गोवामुक्तीसाठी, संयुक्त महाराष्ट्रासाठी आणि १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी देशरक्षणासाठी ते गायले.

१४/
आता ज्या मुद्द्यासाठी हा धागा लिहिला, तो.

१९४८ चे आपल्या जिल्ह्यातले वर्ष आठवावे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. रझाकारांनी गावोगाव जे केले, त्याच्या आठवणी आजही घराघरांत आहेत. सरहद्दीलगत बार्शीच्या परिसरात मुक्तिसंग्रामाची शिबिरे चालत; निजामी हद्दीतून निघालेल्या लोकांना तोच आसरा होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

१५/
त्यानंतरचे पान आपण उलटत नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून नोंदवले. कारवाईच्या काळात आणि नंतर संपूर्ण राज्यात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्या समितीचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांचे अत्याचार आणि हा सूड, दोन्ही आपलाच इतिहास आहे. एकाने दुसरा पुसला जात नाही.

१६/
या घटनेनंतर जेमतेम आठ वर्षांनी, १९५६ च्या फेब्रुवारीत, संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. मराठी माणसांचे एक राज्य व्हावे, ही मागणी मैदानामैदानांवर गाजू लागली. ती ज्या आवाजांनी गाजली, त्यांतला एक आवाज बार्शीत, या रक्ताळलेल्या सरहद्दीच्या काठावर जन्मलेल्या एका मुसलमानाचा होता. त्या आवाजाने शिवरायांचा पोवाडा गायला, गिरणी कामगाराचे दुःख गायले, मुंबईवरचा हक्क सांगितला. श्रोत्यांनी त्याला परका मानले नाही.

१७/
याचा अर्थ लावताना जपून राहावे लागते. ‘पाहा, तेव्हा किती सलोखा होता’ असा भाबडा निष्कर्ष मी काढणार नाही. सुंदरलाल अहवाल वाचलेल्या कोणालाही तो काढता येणार नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. ‘मराठी’ कोण, याची एक व्याख्या १९५० च्या दशकात मंचावर, डफाच्या तालावर घडत होती. ती भाषेची आणि श्रमाची व्याख्या होती. ती घडवणाऱ्यांत अमर शेख अग्रभागी होते. आणि मंच स्वतःच्या हाती असल्यामुळेच ते हे करू शकले. दुसऱ्याच्या मंचावर त्यांना कोणती भूमिका मिळाली असती?

१८/
त्याचे उत्तर अंशतः चित्रपटात आहे. १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये अमर शेखांनी मुलाबाळांच्या ओझ्याने वाकलेल्या गरीब कुंभाराचे काम केले. गोरोबाकाकांच्या तेरपासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या नटाने चाकावर बसावे, हा योगायोग मला सुखावतो. काम उत्तमच आहे. परंतु त्या चित्रपटातले अजरामर झालेले कुंभाराच्या चाकावरचे गीत सुधीर फडके यांच्या आवाजात आहे. बाबूजींच्या गाण्याविषयी तक्रार करण्याचे धाडस कोणी करू नये, मीही करत नाही. पण ज्याच्या गळ्याने मैदाने हलवली, त्याचा चित्रपटातला ठेवा आपल्याला स्मरतो तो अभिनयाचा, गाण्याचा नाही, हे नोंदवावेसे वाटते. माध्यम ज्याच्या मालकीचे, आवाजाची निवड त्याची.

१९/
सॅम कूकशी असलेला फरक इथे दिसतो. कूकची मालकी मुद्रिकांवर होती, म्हणून तो आज बोटाच्या एका स्पर्शाने ऐकू येतो. अमर शेखांची मालकी मैदानावर होती. सभा संपली की त्यांची निर्मिती विरून जाई. पुस्तकांत शब्द राहिले. झील, ढोलकीचा थांबा, गर्दीचा प्रतिसाद राहिला नाही. शाहिरांच्या बाबतीत आपण केवळ छापील संहितेवर इतिहास लिहितो, म्हणून अण्णाभाऊ (योग्यच) मोठे दिसतात आणि अमर शेख त्यांच्या सावलीत जातात.

२०/
अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय बावन्न. पथकाचे दोन खांब दीड महिन्यात कोसळले. त्यांच्या कन्या, कवयित्री मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या आत्मकथनात वडिलांचे घर दिसते; इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते वाचावे. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.

२१/
आपल्या बाजूला काय आहे? जिल्ह्याच्या नावावरून, उस्मानाबाद की धाराशिव यावरून, गेली काही वर्षे आपण समाजमाध्यमांवर जितके शब्द खर्च केले, त्यांच्या शतांशाने या पट्ट्यातल्या शाहिरीची नोंद झाली असती. १९५७ च्या निवडणुकीच्या सभा पंधराव्या वर्षी ऐकलेली व्यक्ती आज ऐंशी ओलांडून पुढे गेली आहे. तेर, ढोकी, येडशी, कळंब, परंडा, भूम या भागांतले लोक बार्शीच्या बाजाराला जात. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी कलापथके पाहिलेली असणार.

२२/
म्हणून वाचकांना एक विनंती. घरातल्या आजी-आजोबांना ‘अमर शेख आठवतात का’ असे विचारू नये; त्याला ‘हो, मोठे शाहीर होते’ एवढेच उत्तर येते. मंचावर किती माणसे होती, झील कोण धरत होते, बायका कुठे बसायच्या, लोक कोणत्या कडव्याला उठले, कार्यक्रम संपल्यावर घरी येताना वाटेत काय गुणगुणले, असे विचारावे. उत्तर त्यांच्याच बोलीत, फोनवर ध्वनिमुद्रित करावे. गाव आणि अंदाजे साल नोंदवावे. आठवण अमर शेखांऐवजी दुसऱ्याच एखाद्या विस्मृत पथकाची निघाली, तर तीही पाठवावी.