टेकू लावण्याआधी कात्री लावा



मागच्या सप्टेंबरात तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी बागेत गेलो तर बांधाकडच्या ओळीतलं 11 वर्षांचं संत्र्याचं झाड मधोमध उभं चिरलेलं. अर्धं झाड खाली अन् आंबियाची फळं चिखलात. चार बांबूंचे टेकू लावले होते, तेही सोबतच आडवे.

चिरलेली जागा नीट पाहिली. दोन जाड फांद्या एकाच ठिकाणाहून निघून सरळ वर गेलेल्या, अगदी अरुंद बेचकं. मधे लाकूड लाकडाला जुळलंच नव्हतं, दोन्हीकडची साल आत दबून राहिली होती. म्हणजे बाहेरून एक खोड दिसे, आतून ते जोडलेलंच नव्हतं. फळांचा भार आला, पानांत पाणी साचलं अन् फाटलं. दोष पावसाचा नाही, माझा आहे. झाड दोन वर्षांचं असताना ती फांदी बोटाएवढी होती. कात्रीच्या एका घावाचं काम होतं.

म्हणून आज स्पष्टच लिहितो. आपण संत्रावाले फवारणीला अन् खताला हात सैल सोडतो, दरवर्षी बांबू विकत आणतो, पण झाडाच्या सांगाड्याकडे पाहत नाही. जुनी माणसं तर कापूच देत नाहीत. आमचे बाबा अजूनही म्हणतात, "काऊन कापून रायला रे? फांदी जाईन त फळ कुठी लागन?"

बाबांचं अर्धं खरं आहे. संत्रा म्हणजे द्राक्ष नाही. हे सदाहरित झाड आपलं अन्न पानांत अन् फांद्यांतही साठवून ठेवतं. दरवर्षी खरड छाटणी करायचं हे पीक नव्हे, जास्त कापलं की त्या हंगामाचं फळ कमी होणारच. पण अजिबात न कापणं हेही शहाणपण नाही. 6 बाय 6 मीटरवर लावलेली झाडं एकमेकांत घुसली की आत अंधार होतो. मग आतली काडी वाळते अन् फळ फक्त शेंड्याला अन् बाहेरच्या घेरावर लागतं. तेच वजन लांब फांदीच्या टोकावर येतं, म्हणून टेकू लागतो.

माझ्या मते कामाचा क्रम असा हवा.

पहिली तीन वर्षं सांगाडा. जमिनीपासून दोन-अडीच फूट खोड एकच अन् मोकळं ठेवा. त्यावर चारही दिशांना चार-पाच फांद्या, एकाच जागेवरून नव्हे, थोड्या थोड्या अंतरानं. अरुंद बेचकं दिसलं की दोनातली एक काढा. हे काम लहानपणी फुकटात होतं.

खुंटावरचे फुटवे दिसले की लगेच काढा. जंभेरी किंवा रंगपूरचा फुटवा कलमापेक्षा जोरात वाढतो. दुर्लक्ष झालं तर संत्रा मागे पडतो अन् आपण वर्षानुवर्षं खुंटालाच खत घालत बसतो.

पानसोट ओळखा. सरळ वर जाणारा, काटेरी, मोठ्या पानांचा, कोवळेपणी कडा असलेला. कोवळा असताना हातानंही निघतो. मात्र फांदी मोडून जागा रिकामी झाली असेल तर तिथला एखादा चांगला पानसोट राखून, वाकवून घ्यायला हरकत नाही.

सल तोडणीनंतर लगेच काढा. आंबियाची तोडणी झाली की झाड ताणावर असतं, तेव्हाच. वाळलेल्या काडीसोबत इंचभर हिरवा भागही घ्या, कारण बुरशी वाळल्या भागाच्या थोडी पुढे गेलेली असते. काढलेली सल धुऱ्यावर टाकू नका, बागेबाहेर नेऊन जाळा. नाहीतर बुरशी तिथूनच परत येते.

जाड फांदी एका घावात कापू नका. आधी खोडापासून फूटभर दूर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप. वजन पडलं की उरलेला खुंटा फांदीच्या बुडाशी फुगीर वळी असते, तिच्या बाहेरून काढा. खोडाला घासून कापाल तर जखम भरत नाही, लांब खुंटा ठेवाल तर तो सडतो. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री निर्जंतुक करा, काही रोग पात्यावरूनही जातात.

अन् एप्रिल-मेच्या तोंडावर झाड उघडं पाडू नका. आपल्या उन्हात उघडी पडलेली साल भाजते, तडकते, मग कीड-रोगाला दार मोकळं.

शेवटची गोष्ट काहींना आवडणार नाही. छाटणीचं काम झाडामागे ठरवून देणं बंद करा. झाडामागे पैसे म्हटले की मजूर घाईनं कोयता चालवतो. त्याची चूक नाही, आपण त्याला झाडं मोजायला लावतो. रोजानं द्या अन् पहिल्या दिवशी स्वतः सोबत उभे राहा. पैसे थोडे जास्त जातात, पण चिरलेल्या झाडापेक्षा स्वस्तच.

ते झाड मी वाचवायचा प्रयत्न केला. चिरेतून डिंक यायला लागला, शेवटी काढावं लागलं. तिथं यंदा नवीन कलम लावलंय. परवा बाबाच त्याच्याजवळ थांबले अन् म्हणाले, "याले दोन तोंडं फुटून रायले, पाहून घे."

कात्री खिशातच होती.