सुकाळातील मसलत

2019 सालच्या उन्हाळ्यात माण तालुक्यात जनावरांच्या छावण्या भरल्या होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले, आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटून अनेकांना प्राणांस मुकावे लागले. पुढे 2021 च्या जुलैत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे डोंगर खचून घरे गाडली गेली. महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडावा आणि त्याच जिल्ह्यातील माणदेशाने पाचशेच्या आसपास समाधान मानावे, हे वैषम्य सह्याद्रीच्या पर्जन्यछायेइतकेच प्राचीन आहे. परंतु तापमान एका अंशाने चढले की हवेची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, आणि म्हणून मोजक्या दिवसांत कोसळणारा पाऊस व दोन पावसांमधील दीर्घ उघडीप ही दोन्ही संकटे यापुढे एकाच वर्षाच्या पंचांगात गृहीत धरली पाहिजेत.

पाणलोट, सिंचन आणि आपत्तिनिवारण यांत आयुष्य वेचणाऱ्या आमच्या वाचकांस हे नवीन नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यापुढचे. आपल्या कामाची मोजदाद आपण चर, नालाबांध आणि घनमीटर यांत करतो. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने 2016 साली आणि माणमधील टाकेवाडीने 2018 साली श्रमदानाच्या बळावर वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला, याचा आम्हांस मनःपूर्वक अभिमान वाटतो. तथापि सर्वांच्या घामाने जमिनीत मुरविलेले पाणी ज्याच्यापाशी खोल बोअर घेण्याचे भांडवल आहे त्यानेच प्रथम उपसावे, असा अनुभव ज्या गावाला एकदा येतो, त्या गावात दुसऱ्या वर्षी कुदळ घेऊन कोण येईल? भूजलाला गट नंबर ठाऊक नसतो. त्याच्या वाटपाचा निर्णय माणसांनाच करावा लागतो, आणि तो टंचाई येण्यापूर्वी करावा लागतो.

या बाबतीत खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदुळवाडी या गावांचे उदाहरण आपल्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात शिकविले जावे, इतक्या योग्यतेचे आहे. 1982 च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि दुष्काळाने गांजलेले शेतकरी मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले; येरळेचे पात्र ठेकेदारांच्या वाळूउपशाने उघडे पडत आहे हे त्यांनी ओळखले; आणि त्याच वाळूची मर्यादित विक्री करून, हितचिंतकांकडून उसनवार घेऊन व श्रमदान करून त्यांनी बळीराजा स्मृती धरण उभे केले. परंतु त्या दगडमातीपेक्षा मोलाचा होता तो त्यामागचा ठराव: पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीला न जोडता माणसांना द्यावयाचा, भूमिहीनांनाही वाटा ठेवावयाचा, आणि उसासारख्या अति पाणी पिणाऱ्या पिकास त्या पाण्यावर थारा द्यावयाचा नाही. हाच विचार पुढे डॉ. भारत पाटणकर आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीच्या पाणी परिषदांत समन्यायी वाटपाची मागणी होऊन उभा राहिला.

ही परंपरा उपरी नाही. औंध संस्थानाने 1939 साली ग्रामपंचायतींच्या पायावर राज्यकारभाराची घटना उभारली, तेव्हा आटपाडी व कुंडल ही गावे त्या प्रयोगात होती, आणि वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात ज्या कल्पनेची कसोटी पाहिली, तिच्यातूनच 1977 चा रोजगार हमी कायदा महाराष्ट्रास मिळाला. गावाने ठरवावे आणि सरकारने त्यास कायद्याचे व पैशाचे पाठबळ द्यावे, हा क्रम या मातीला अपरिचित नाही.

पुराच्या बाबतीतही न्याय तोच आहे. आयर्विन पुलावर 40 फुटांना इशारा व 45 फुटांना धोका, हे आकडे सर्वांस पाठ असतात. पण कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरते, त्या गल्लीतील अंथरुणास खिळलेली माणसे व गरोदर स्त्रिया कोणी हलवावयाच्या, जनावरे कोणत्या माळावर न्यावयाची आणि होडीत एका खेपेस किती जणांनाच बसू द्यावयाचे, याची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरी क्वचितच आढळते. पाणी उंबऱ्याला लागल्यावर ही मसलत होऊ शकत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, येत्या पावसाळ्यानंतर जिथे विहिरी भरलेल्या असतील तिथेच, दिवाळीच्या सुमारास, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावा. पिकांची मर्यादा व नव्या बोअरविषयीचा नियम त्याच बैठकीत लेखी करावा. बंधाऱ्यांच्या गाळउपशासाठी व दुरुस्तीसाठी दरसाल रकमेची तजवीज ठेवावी. आणि नदीकाठच्या गावांनी ज्येष्ठ संपण्यापूर्वी स्थलांतराची यादी वाचून ती एकदा प्रत्यक्षात आणून पाहावी. हे काम यंत्रांनी होत नाही. त्याला भाऊबंदकी सांभाळून घेणारा धीर व भूमिहीनालाही पंक्तीत घेणारी न्यायबुद्धी लागते, आणि बांधाच्या मापाइतक्याच काटेकोरपणे या ठरावांचे मापही आपल्या अहवालांत नोंदविले गेले पाहिजे. जो अभियंता वा कार्यकर्ता गाव सोडताना धरणाबरोबर असा करार मागे ठेवून जाईल, त्याचेच काम पुढच्या दुष्काळात आणि पुढच्या पुरात टिकेल.