समुद्रात पवनचक्की उभारण्याआधी बॉम्ब का शोधतात? उत्तर माझगावशेजारच्या गोदीत

14 एप्रिल 1944. माझगावजवळच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. आत कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं. दुपारी चारनंतर अर्ध्या तासात दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो लोक गेले, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान होते.

पण सगळा दारूगोळा तेव्हाच फुटला नव्हता. 2011 मध्ये, म्हणजे तब्बल 67 वर्षांनी, गोदीत सुमारे 45 किलोचा जिवंत तोफगोळा सापडला.

आज याचं काय?
केंद्राने जून 2024 मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी 500 मेगावॅटच्या पवनऊर्जा प्रकल्पांसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली. पवनचक्कीचा पाया रोवताना किंवा केबल पुरताना जुन्या बॉम्बला धक्का लागू शकतो. जर्मनीच्या समुद्रात तर असा सुमारे 16 लाख टन दारूगोळा पडून आहे.

मग करतात काय?
• आधी जुन्या युद्धनोंदी तपासतात.
• मॅग्नेटोमीटर आणि सोनारने तळ पिंजून काढतात.
• संशयास्पद वस्तू दिसली की शक्यतो केबलचा मार्गच बदलतात.
• ते जमलं नाही तर बॉम्ब हलवतात किंवा जागीच निकामी करतात. स्फोट करावाच लागला तर भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. त्याने आवाज दबतो, सागरी जीव वाचतात.

जुना बॉम्ब सुरक्षित असतो का?
नाही. कवच गंजतं, पण आतलं स्फोटक दशकानुदशकं टिकतं. तपासणीचा खर्च वाचवला, तर धोका पाणबुड्यांच्या आणि बोटीवरच्या कामगारांच्या वाट्याला येतो.