अस्वलाचा वंश सापडतो, अस्वलवाल्याचा सापडत नाही

सातपूरमध्ये कितीही खोल बोअर मारली तरी अस्वलाच्या पूर्वजाचे हाड लागणार नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तेव्हा अस्वलाचे कूळच पृथ्वीवर नव्हते. आपल्याकडे जुन्या जनावरांची हाडे मिळतात ती नदीच्या गाळात. निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीच्या गाळातून नामशेष झालेल्या एका प्रचंड हत्तीची कवटी निघाली. १९०५ साली गाय पिलग्रिम यांनी तिच्यावर लिहिले. सातपूरशेजारच्या गंगापूरला तर ह. धी. सांकलिया यांना आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली.

अस्वलाच्या जुन्या भाऊबंदांना भेटायचे तर हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्यांत जावे लागते. सहारनपूरच्या सरकारी बागेचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे इंजिनिअर प्रोबी कॉटली यांनी १८३६ साली तिथल्या एका नामशेष अस्वलाचे वर्णन केले. आज त्याला ॲग्रिओथेरियम म्हणतात. आपल्या काळ्या अस्वलापेक्षा ते खूप मोठे होते. ते आपल्या अस्वलाचे आजोबा नव्हेत. निर्वंश झालेली चुलत शाखा म्हणा. पुढे १८८४ साली लायडेकर यांनी शिवालिकमधल्याच एका कवटीला मेलर्सस थिओबाल्डी हे नाव दिले. हा मात्र आपल्या अस्वलाचा अगदी जवळचा नातलग.

हे नाते ठरते कशावरून? जन्मदाखल्यावरून नक्कीच नाही. दात, जबडा, टाळू, कवटीची ठेवण, हाड कुठल्या थरात मिळाले, एवढ्यावरून. आपल्या अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते. अशा बारीक खुणा जुळवत वंशावळ उभी राहते. चूक झाली तर दुरुस्तही होते. जिवंत अस्वलालाच १७९१ साली इंग्रज अभ्यासकाने लांब नखे पाहून भलत्याच प्राण्याच्या घराण्यात घातले होते. नंतर जनावर नीट पाहिले गेले आणि नोंद बदलली. ‘आधी तसा कागद झालाय, आता काही करता येणार नाही,’ असे कोणी म्हटले नाही.

आता या अस्वलाच्या माणसांकडे या. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत एक नोंद आहे: दरवेशी, वाघवाले-शाह (मुस्लिम), अस्वलवाले. आमच्या लहानपणी सातपूरच्या कामगार वस्तीत दरवेशी अस्वल घेऊन येत. पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवले की भीती जाते, असे मानत. अस्वलाचा केस ताईतात घालून बाळाच्या गळ्यात बांधत. त्यात आमच्या आया होत्या, तशा शेजारच्या काकू-मावश्याही होत्या.

तो खेळ बंद झाला हे चांगलेच झाले. पिल्लू मिळवायचे तर बहुधा आईला मारावे लागे. मग नाकात वेसण आणि जन्मभर दोरी. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९८ ची केंद्र सरकारची अधिसूचना यांनी हे थांबवले. अस्वलावर दया करताना दरवेशाच्या पोटाकडे बघून कायदा ढिला करा, असे मी म्हणणार नाही. पण जनावर सोडवले म्हणजे काम संपले, हेही मला मान्य नाही.

दरवेशाचे पोर आज शिकायला निघाले की त्याला जातीचा दाखला लागतो. त्यासाठी पुरावा हवा २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, आणि तोही महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा. ज्याचा आजा आठ दिवस या गावच्या वेशीवर आणि पुढचे आठ दिवस त्या गावच्या दर्ग्यापाशी राहिला, तो घरपट्टीची पावती कुठून आणणार? आज्याचा शाळेचा दाखला कुठून येणार? लाखो वर्षांपूर्वीच्या अस्वलाचे घराणे एका कवटीवरून ठरते. इथे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा जिवंत माणूस मात्र कागदावाचून सिद्ध होत नाही.

कोणी म्हणेल, अट सैल केली तर खोटे दाखले निघतील. निघतील, म्हणून तपासणी कडक असावी. पण कडक तपासणी म्हणजे एकाच कागदासाठी अडून बसणे नव्हे. जमातीची बोली, सोयरिकी, आडनावे, मुक्कामाची ठरलेली गावे, दफनाच्या जागा, त्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या साक्षी हेही पुरावेच आहेत. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने पालावर जाऊन ते गोळा करावेत आणि एकमेकांशी ताडून पाहावेत. हाडांचे अभ्यासक दुसरे काय करतात?

आणि आपल्या समाजालाही एक सांगणे आहे. दरवेशी, मदारी, फकीर यांना आपण ईदच्या दिवशी फित्रा देतो आणि वर्षभर विसरतो. सोयरिकीची गोष्ट निघाली की ‘ते आपल्यातले नव्हेत’ म्हणतो. शिकलेल्यांनी वर्षातून चार दिवस अशा घरांचे अर्ज भरून दिले, कचेरीत सोबत गेले, तरी पुष्कळ होईल. ॲग्रिओथेरियम गेले ते परत येणार नाही. दरवेशाचे पोर अजून इथेच आहे. त्याला शाळेपर्यंत पोचवणे आपल्या हातात आहे.