काखेत चेंडू, गावाला वळसा

माणसानं भांडू नये असं ज्यांचं मत आहे, त्यांनी सांगली-साताऱ्याच्या वाटेला न गेलेलं बरं. आमच्याकडे भांडण हा दुर्गुण मानत नाहीत, जोडधंदा मानतात. बांधावरून भांडण, उसाच्या दरावरून भांडण, दुधाच्या फॅटवरून भांडण, सोसायटीच्या चेअरमनकीवरून भांडण, आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर गणपतीची मिरवणूक आहेच. पण या सगळ्या भांडणांत एक गोष्ट कायम असते. बांध आपला असतो, ऊस आपला असतो, म्हैस आपल्या दावणीची असते आणि गणपती आपल्या गल्लीचा असतो. अलीकडे मात्र एक असं भांडण आमच्याकडे आलं आहे, ज्यात आपलं काहीच नसतं. ते म्हणजे फुटबॉलचं भांडण. माझा राग आहे तो त्याच्यावर.

विश्रामबागेतल्या एका चहाच्या टपरीवर ही सभा रोज सकाळी साडेआठला भरते. सभासदांची खरी नावं कुणी वापरत नाही. किराणा दुकानवाला तो बार्सिलोना, बँकेत कॅशियर आहे तो लिव्हरपूल, ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकतो तो आर्सेनल, आणि रिटायर झालेले मास्तर म्हणजे मँचेस्टर युनायटेड. साताऱ्याला मेहुण्याकडे गेलो की पोवई नाक्यावरही हाच देखावा. फरक एवढाच, की तिथला लिव्हरपूल वकील आहे. त्यामुळे तिथली भांडणं तारखांवर चालतात.

"काल आपण फुकट हरलो राव!" सांगलीचा लिव्हरपूल सुरुवात करतो.

यातला 'आपण' नीट पाहून ठेवा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही त्यात आला. म्हणजे इंग्लंडातल्या बंदराच्या गावचे अकरा जण रात्री हरले, आणि त्या पराभवात विश्रामबागचा टपरीवालासुद्धा सामील झाला. "त्या पोराला आपण विकायलाच नको होतं," असं आर्सेनल म्हणतो. पोरगं आठशे कोटींचं असतं, आणि आर्सेनलची टपरीवरची उधारी दोनशे चाळीस रुपयांची असते.

मग पंचांचा विषय निघतो. आता मैदानावरचा पंच पुरत नाही, म्हणून टीव्हीसमोर आणखी पंच बसवले आहेत. २०१८ च्या विश्वचषकात ते आले आणि २०१९ पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही बसू लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लिव्हरपूलच्या फिर्मिनोचा ॲस्टन व्हिलाविरुद्धचा एक गोल रद्द झाला. कारण काय, तर त्याची काख पुढे होती. होय, काख. चाहत्यांच्या स्मरणशक्तीला दाद द्यायला हवी, की इतक्या वर्षांनीही तो खटला आमच्या टपरीवर निकाली निघालेला नाही.

"काख म्हणजे हात न्हवं ओ मास्तर!"

"अरे बाळा, बाही कुठं संपती? तिथवर खांदा धरायचा. हे बघ." मास्तरांनी हात वर करून दाखवला. पण नेमकी त्याच ठिकाणी शर्टाची शिवण उसवलेली होती, त्यामुळे सीमारेषा ठरेना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्या पूर्वजांनी कशावरून केली असेल याचं मला पूर्वी कोडं पडायचं. आता पडत नाही. एका ब्राझिलियन माणसाच्या काखेवर सांगलीत सहा वर्षं चर्चा चालते, आणि आपल्या काखेत काय आहे ते कुणी बघत नाही.

आपल्या काखेत काय काय आहे ते ऐका. ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक संघटनेनं, म्हणजे फिफानं, भारताला निलंबित केलं. अकराएक दिवस आपण जगाच्या फुटबॉलमध्ये अस्तित्वातच नव्हतो. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम थांबवून ठेवला गेला, कारण संघटना आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचं काही ठरत नव्हतं. त्याच महिन्यात राष्ट्रीय संघाला प्रशिक्षक हवा म्हणून अर्ज मागवले, तर साक्षात बार्सिलोनाच्या झावीचा अर्ज आल्याची बातमी आली. देशभर पेढे वाटायची वेळ आली होती. दोन दिवसांत खुलासा आला, की तो ईमेल खोटा होता. आमच्याकडे सोयरीक जुळवतानासुद्धा मुलाकडची माणसं खरी आहेत का, हे आधी कुणालातरी पाठवून बघतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरनं आपल्याला २-१ नं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशनं १-० नं हरवलं.

या प्रत्येक बातमीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम टपरीवर जाऊन बसलो. ढाक्याच्या दुसऱ्या दिवशी तरी कुणी 'आपण हरलो' म्हणेल असं वाटलं होतं. कुणी म्हणालं नाही. शेवटी मीच विषय काढला.

"ते व्हय," बार्सिलोना बशीत चहा ओतत म्हणाला, "त्यांचं काय खरं नाही ओ काका."

ज्या दिवशी खरोखर 'आपण' हरलो, त्या दिवशी शब्द बदलला आणि 'त्यांचं' झालं. माझं सगळं भांडण या एका सर्वनामाशी आहे.

आता कुणी म्हणेल, लांबचं प्रेम करायला काय हरकत आहे? काहीच नाही. पण लांबच्या देवाला आपली पत्रिका ठाऊक नसते. १३ डिसेंबर २०२५ ला मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये आला. हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक आले होते. त्यांना दिसले ते मेस्सीभोवती कडं करून उभे राहिलेले पुढारी, पाहुणे आणि फोटो काढून घेणारे. थोड्याच वेळात मेस्सी निघून गेला आणि लोकांनी खुर्च्या मोडल्या. मी खुर्च्या मोडण्याच्या बाजूचा नाही. पण एवढं नक्की, की आपल्या गल्लीच्या मैदानावर गोल मारणारा पोरगा पुढाऱ्यांच्या आड दिसेनासा होत नाही, कारण तिथं पुढारी येतच नाहीत.

इथं आमचे शेजारी आठवतात. सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तिथं पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशी संघांची नावं आहेत. कुठल्याही नावात 'सिटी' किंवा 'युनायटेड' नाही. जिथं पैलवान घुमायचे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि पेठाच्या पेठा त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. हंगामात राजर्षी शाहू स्टेडियम भरतं, बायाबापड्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोक येतात, आणि आपल्या पेठेचा संघ हरला तर घरी जेवणं लांबतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो आकाशातून पडला नव्हता. गडहिंग्लजसारखं तालुक्याचं गावही फुटबॉलवर जीव टाकतं. तिथं सगळं सोवळं आहे असं नाही. स्टेडियमवर हुल्लड होते, हाणामाऱ्या होतात, पोलीस बोलवावे लागतात, आणि ते लाजिरवाणंच आहे. पण कोल्हापूरकराला विचारा, काल कोण हरलं? तो म्हणेल, "आम्ही!" आणि ते व्याकरणदृष्ट्या बरोबर असेल.

हे टपरीवर बोललो की चार सबबी ठरलेल्या. पहिली, "आपल्याकडे ती परंपरा नाही." अहो, कोल्हापूरकरांनी तालमीतून फुटबॉल काढला. सांगली-साताऱ्याला तालमींचा दुष्काळ आहे काय? कवठेपिरानच्या मारुती मानेंच्या जिल्ह्यात आणि गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात तालीम नाही असं म्हणणं म्हणजे कृष्णेत पाणी नाही म्हणण्यासारखं आहे.

दुसरी सबब, "क्रिकेटनं सगळं खाल्लं." विजय हजारे सांगलीचे, स्मृती मानधना सांगलीत वाढलेली, हे मान्य. पण बॅडमिंटनचे नंदू नाटेकरही सांगलीचेच. क्रिकेटनं त्यांना कुठं खाल्लं? २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली. उसाच्या रानातल्या मैदानावर सराव करून. क्रिकेट काही तिच्या धनुष्यावर येऊन बसलं नव्हतं.

तिसरी सबब पैशाची. १९५२ साली खाशाबांना हेलसिंकीला जायचं होतं तेव्हा पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून पैसे उभे केले. खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. चाहता म्हणतात तो असा. आमच्या लिव्हरपूलनं गेल्या वर्षी अडीच हजारांची लाल जर्सी मागवली. तेवढ्या पैशात आमच्या भागातल्या पोरांना दोन चेंडू आणि एक हवेचा पंप आला असता.

चौथी सबब सगळ्यात मोठी, "एवढ्याशा गावातून काय होणार?" नोव्हेंबर २०२५ मध्ये कुरासाओ नावाचं बेट विश्वचषकाला पात्र ठरलं. वस्ती दीड लाखाच्या आसपास. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांवर माणसं होती. हे सांगितल्यावर पोवई नाक्यावरचा वकील लगेच उठला, "आप्पा, त्यांची निम्मीअधिक पोरं हॉलंडमध्ये वाढलेली आहेत, नोंद घ्या." घेतली. पण वकीलसाहेब, निम्मा सातारा मुंबईत वाढलेला आहे. तो यात्रेला गावी येतोच ना? ते नको असेल तर आपल्याच देशातलं ऐझॉल घ्या. डोंगरातलं गाव. २०१७ मध्ये त्या गावच्या क्लबनं मोहन बागानला मागं टाकून आय-लीग जिंकली. डोंगर तर साताऱ्यालाही आहेत.

सबबी संपल्या. आता मैदानाकडे या. आमच्या भागात एक मैदान आहे. नाव सांगत नाही. वर्षातून त्यावर तीन प्रदर्शनं, दोन जाहीर सभा, एक दांडिया आणि लग्नसराईत गाड्यांचं पार्किंग एवढे खेळ होतात. मंडपवाले जाताना खड्डे ठेवून जातात. उरलेल्या दिवसांत संध्याकाळी दहा-बारा पोरं तिथं चपलांचे गोलपोस्ट करून खेळतात. ड्रिब्लिंग उत्तम करतात. खड्डे चुकवून खेळणाऱ्याला माणूस चुकवणं अवघड जात नाही. परवा पुन्हा मंडप पडायचा होता म्हणून त्या पोरांना हाकलून दिलं. मैदानाच्या कडेनं त्या वेळी आमची सगळी युरोपियन मंडळी चहाला चालली होती. कुणी थांबलं नाही. जगातल्या अन्यायाविरुद्ध रोज सकाळी बोलणारी माणसं, डोळ्यांसमोर अकरा पोरांना लाल कार्ड दाखवलं तेव्हा गप्प राहिली.

आणि ज्या इंग्लंडच्या नावानं हे सगळं चालतं, तिथले चाहते काय करतात? एप्रिल २०२१ मध्ये बड्या क्लबांनी आपली वेगळी 'सुपर लीग' काढायचं ठरवलं. चाहते रस्त्यावर उतरले, आणि दोन दिवसांत सहाच्या सहा इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. भांडणात ताकद असते ती अशी. पण ती ज्याच्या दारात भांडण होतं त्याच्याच भांडणात असते. विश्रामबागेतून केलेल्या निषेधानं लंडनमध्ये कुणाचा चहासुद्धा थंड होत नाही. तोच निषेध कुणी मैदानाच्या कमिटीपुढे केला असता, तर निदान ते खड्डे तरी बुजले असते.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. रात्रीचे सामने बघा, 'आपण' म्हणा, काखाही मोजा. पण सुब्रोतो चषकाचे शालेय सामने जिल्ह्यात होतात. तिथं प्रेक्षक म्हणजे दोन ड्रिलमास्तर आणि एक कुत्रं असतं. त्यात आठवड्यातून एक सकाळ जाऊन उभे राहा. एखाद्या पोराचं नाव पाठ करा. पुढच्या वेळी मैदानात मंडप पडायला लागला, तर टपरीवरची सगळी सभा उचलून तिथं भरवा. पंचानं चूक केली तर पंचाशी भांडा. तो समोर असेल, ऐकेल, आणि गावातलाच असल्यामुळे संध्याकाळी पुन्हा भेटेल.

मिरजकरांनी बाह्या सरसावू नयेत. तिथं फुटबॉल खेळतात हे मला ठाऊक आहे. उलट सांगलीचा एक धड संघ उभा राहिला, तर पहिला सामना मिरजेशीच व्हावा अशी माझी इच्छा आहे. सांगली आणि मिरज यांना एकमेकांशी भांडायला इतकी जुनी कारणं आहेत, की फुटबॉल त्यात अगदी सहज मावेल. त्या दिवशी आपण हरलो तरी चालेल. 'आपण' हा शब्द तरी खरा ठरेल.