येते म्हणावं की नाही?

निवृत्तीनंतर मुलाकडे परदेशी जाऊन आलेले सासू-सासरे आता घरोघरी आहेत. आमच्या मामंजींचा मुलगा परदेशी नाही, पण हिंडायची हौस दांडगी. दोन देश पाहून झाल्यावर गेल्या वर्षी त्यांनी मॉरिशस काढलं. हॉटेलात नाही हं, वाक्वाजवळच्या एका खेड्यात वरच्या मजल्याच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन दीड महिना चक्क संसार मांडला! शेवटचे आठ दिवस, दिवाळीच्या सुट्टीत, मी आणि हेही तिथे गेलो. त्यामुळे पाहुणचार थोडा आणि निरोपच जास्त पाहिला.

खेडं उसाच्या मळ्यांतलं. शेतं साफ करताना काढलेल्या काळ्या दगडांचे मोठाले ढीग जागोजागी रचलेले. नोव्हेंबरात गुलमोहर फुललेला पाहून मी तर चक्रावलेच. अंगणातल्या लिचीवर वटवाघळांच्या भीतीने जाळं टाकलेलं. शेजारीण सासूबाईंच्याच वयाची, मराठी वंशाची. घरात बोलणं क्रियोल, सासूबाईंशी मोडकं हिंदी, आणि गणपतीच्या आरत्या मात्र खड्या मराठीत तोंडपाठ. दोघींची मैत्री जमली ती पाट्या-वरवंट्यावर. तिकडे त्याला 'रोश कारी' म्हणतात आणि अजून रोज वापरतात. हिने तिला गोडा मसाला शिकवला, तिने हिला डाळीचे तिखट वडे. 'गातो पिमा' म्हणजे मिरचीचा केक, पण चव थेट आपल्या डाळवड्याची.

निघायच्या चार दिवस आधीपासून सासूबाईंनी घरोघर जायला सुरुवात केली. हे मला फार आवडलं. आपण शेवटच्या दिवशी बॅगा भरता भरता दारातूनच हात हलवतो. त्या प्रत्येक घरी निवांत बसल्या, दुकानदाराचे उरलेले पैसे चुकते केले, उरलेला मसाला डब्यांतून वाटला. पुरणयंत्र शेजारणीला दिलं. पुरणपोळी तिथेही करतात, पण त्यांचं पुरण सासूबाईंच्या मते जरा भरडच.

शेजारणीने मात्र जे मागितलं ते वस्तूचं नव्हतं. तिने एक कागद आणून पुढे ठेवला. 1834 पासून पुढे कितीतरी वर्षं हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर मजूर नेले, त्यांत कोकणातलेही होते. त्यांची दप्तरं मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. तिथून तिने पणजोबांचा उतारा मिळवला होता. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जहाज, जिल्हा रत्नागिरी, आणि गाव. पण गावाचं नाव कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं, तीन तऱ्हांनी वाचता येईल असं. आडनावावरून शोधावं तर तिकडे मूळ पुरुषाचं नावच पुढे आडनाव झालेलं!

"दीदी, पुढच्या खेपेला येशील तेव्हा माझ्या गावची मूठभर माती आण," ती म्हणाली.

सासूबाई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "शोधीन मी. पण सापडेलच असं नाही. आणि माझे गुडघे बघता परत येईन असंही सांगत नाही."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. उठून आत गेल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर खोलीत आल्यावर न राहवून बोललेच, "आई, नुसतं 'हो, आणते' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आपण 'जाते' म्हणायच्या ठिकाणी 'येते' म्हणतोच की!"

"अगं, ती खरंच वाट बघेल," त्या म्हणाल्या. "तिचा पणजोबा पाच वर्षांच्या करारावर गेला असेल. निघताना येतो म्हणूनच निघाला असेल ना?"

यावर मला बोलता आलं नाही. तरीही अजून वाटतं, जरा मऊ शब्दांत सांगता आलं असतं. (माती, रोपं, बिया असं काही परवानगीशिवाय परदेशी नेताही येत नाही, हे मामंजींनी नंतर सांगितलं. तुमच्यापैकी कुणी निघत असाल तर तुळशीचं रोप बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतील.)

निघायच्या सकाळी बाई आल्या. हातात गातो पिमांचा डबा आणि त्या कागदाची झेरॉक्स. निरोप घेताना तिकडे 'सलाम' म्हणतात. आपल्याकडे भेटल्यावर, त्यांच्याकडे निघताना. सासूबाई 'येते' म्हणाल्या नाहीत, 'सलाम' म्हणाल्या, आणि दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. ह्यांनी दोनदा घड्याळ दाखवलं.

घरी आल्यावर मामंजींनी नकाशा पसरला. जुळतील अशी तीन गावं निघाली. माघात एका गावी एस.टी.ने जाऊन आलो. पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीच समुद्रापार गेलेल्या घराबद्दल काही ऐकलेलं नव्हतं. सासूबाईंनी तसंच्या तसं फोनवर कळवलं. मला वाटलं, आता तिकडे रडारड होणार.

पलीकडून विचारणा झाली, "मग दुसऱ्या गावाला कधी?"

शिमग्यानंतर जायचं ठरतंय. एस.टी. थेट गावात जाते की फाट्यावरच सोडते, तेवढं विचारायचं राहिलंय.