आकडा छापता, तर तो खरा करा!

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो,

कोरडवाहू मुलखात विहिरीला पाणी ते किती? कपाशीला, ज्वारीला वेळेवर एक पाणी मिळाले तर वर्ष निभते. नेमका त्याच वेळी एक फेज जातो आणि मोटर जळते. म्हणून गावोगाव आता टेस्टरच्या जोडीला स्वस्तातला डिजिटल मल्टिमीटर आला आहे. तिन्ही फेज आहेत का, दाब किती, हे आपले आपण पाहतो. वायरमनची वाट पाहणे टळले. चांगलेच झाले.

पण बाजाराने हातात काय दिले, तेही पाहू. अगदी स्वस्त मीटरवर 10 अँपिअरच्या भोकापाशी बारीक इंग्रजीत 'अनफ्यूज्ड' छापलेले असते. म्हणजे त्या वाटेवर फ्यूजच नाही. वायर चुकून तिथेच राहिली आणि टोके दोन फेजना लावली, तर 415 व्होल्टचा सरळ शॉर्ट आपल्या हातात! दुसऱ्या भोकाला फ्यूज असतो, तो बहुधा काचेचा, 250 व्होल्टचा. 415 वर तो वितळला तरी आतली ठिणगी तुटेलच असे नाही. त्यासाठी वाळू भरलेला, चिनी मातीचा फ्यूज लागतो. तो महाग, म्हणून गाळला. तरीही असल्या मीटरवर 'कॅट 3, 600 व्होल्ट' असे खुशाल छापतात. म्हणजे स्टार्टरच्या पेटीतही हे सुरक्षित, असा तो दावा!

टिकाऊपणाचेही तेच. डायलखालच्या पत्र्या झिजतात, धूळ बसते. पातळ वायर प्लगच्या मुळाशी आतल्या आत तुटते, वरून धड दिसते. मग चालू लाइनवरही मीटर शून्य दाखवते. त्या शून्यावर विसंबून हात घातला, तर जीव जातो.

शहाणे म्हणतात, "स्वस्त घेता, मग भोगा." आमचे उत्तर असे : स्वस्त विकणे गुन्हा नाही, स्वस्त घेणेही नाही. 'फक्त बॅटरीच्या कामासाठी' असे छापून विका, आमची तक्रार नाही. पण नसलेला दर्जा छापणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बोगस बियाण्याला आणि बोगस आकड्याला न्याय एकच हवा.

म्हणून आमचे मागणे :
1. ज्या मीटरमध्ये ताकदीचा फ्यूज नाही, त्यावर 'कॅट 3' छापू नये.
2. इशारा ठळक मराठीत हवा.
3. दुकानदाराने पक्की पावती द्यावी.

तोवर आपण काय करायचे? बियाण्याचे पाकीट आणि टॅग जपतो, तशी मीटरची पावती आणि खोके जपा. 10 अँपिअरच्या भोकात वायर कधी ठेवू नका. मीटर आधी चालू असलेल्या लाइनवर तपासा, मग काम पाहा, मग पुन्हा चालू लाइनवर तपासा. तरीही शून्यावर भरवसा ठेवून हात घालू नका. आधी मेन स्विच पाडा.

मीटर स्वस्त असेल, आमचा जीव स्वस्त नाही!